जादूगार असताना राजा साधा माणूस कसा?

हिंगोलीहून एका नव्या लेखिकेनं विचारलं आहे: "माझ्या कादंबरीत डोंगरकिल्ल्यावरचं एक राज्य आहे. तिथे तीनशे अग्निसाधक आहेत, त्यांच्या तळहातातून जाळ निघतो. राजा मात्र साधा माणूस आहे. मैत्रिणीनं वाचलं आणि विचारलं, हे तीनशे जण राजाला उठवून स्वतः गादीवर का बसत नाहीत? त्यांनी राजनिष्ठेची शपथ घेतली आहे असं मी लिहिलंय. तिला ते पटलं नाही, आणि आता मलाही पटत नाही. काय करू?" सोबत पहिली तीन प्रकरणंही पाठवली आहेत.

मैत्रिणीला जे खटकलं ते बरोबर खटकलं. शपथ काढूनच टाका. एखादा माणूस शपथेवर जन्म काढेल, तीनशे जणांच्या तीन पिढ्या काढणार नाहीत. वीस वर्षं मी अद्भुत कादंबऱ्या लिहितोय आणि नव्या लोकांची हस्तलिखितं वाचतोय. या जागी कुणी शपथ घालतं, कुणी शाप, कुणी पूर्वजांचा करार. अडचण कुठे आहे हे लेखकाला कळलेलं असतं, पण ती सोडवायला तो पुन्हा जादूतच हात घालतो. तुम्ही जादू थोडा वेळ बाजूला ठेवा आणि मला सांगा, तुमच्या राज्यात धान्य कोण मोजतं? तीनशे साधकांना दोन वेळा जेवायला कोण घालतं, त्यांच्या पोरीबाळींची लग्नं कुठे जमतात, त्यांच्यातला एक मेला तर त्याच्या जागी कोण येतं? तीन प्रकरणांत यातलं काहीच नाही, म्हणून मैत्रिणीला गादी मोकळी दिसली.

माझे वडील जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर पाटकरी होते, म्हणजे शेतांना पाणी सोडणारे. पैठणच्या धरणातून निघालेला हा कालवा 208 किलोमीटर चालत परभणीकडे जातो. पाटकरी हा सगळ्या यंत्रणेतला जवळजवळ शेवटचा माणूस, पण चारीच्या, म्हणजे कालव्यातून शेताकडे जाणाऱ्या पाटाच्या, दाराची किल्ली त्याच्याकडे. किल्ली म्हणजे हातभर लोखंडी दांडा. आमच्या घरी तो देवळीत, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेला असायचा. ग्रीस पिऊन कागद आरपार दिसेल असा झालेला असायचा. रब्बीचं आवर्तन सुटलं की रात्री माणसं यायची. गावात ज्याच्यापुढे कुणी बाजेवर बसत नसे असा साठ एकरांचा धनी आमच्या ओसरीत उकिडवा बसून वडिलांचं जेवण उरकायची वाट बघायचा. "नाना, एवढी रात चार बोटं दार वर राहू द्या. गव्हाची शेवटची पाळी हाय." वडील हात धुवायचे, पाळीपत्रक, म्हणजे कुणाला पाणी कधी याची यादी, कंदिलाजवळ धरून बघायचे आणि म्हणायचे, "तुमचा नंबर परवा पहाटं." तो माणूस उठून जायचा.

लहानपणी मला वाटायचं, आपला बाप राजा आहे. एक दार बंद ठेवून साठ एकर वाळवू शकणारा माणूस आणखी कोण असणार? मग हाच माणूस साध्या ग्रामपंचायतीवरसुद्धा का निवडून गेला नाही, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. धरण त्याच्या हातात नव्हतं. वरून पाणी सुटलं तरच त्या दांड्याला किंमत. पाळीपत्रक तो लिहीत नव्हता, शाखेतला कारकून लिहायचा. तीन ओळींच्या कागदावर त्याची बदली होऊ शकत होती. फार ताणलं असतं तर रात्री कुणीतरी कुदळीनं चारी फोडली असती, आणि दोनदा फोडलीही. माझ्या बहिणीच्या लग्नात ज्वारी कमी पडली तेव्हा ती आली त्याच साठ एकरवाल्याच्या धान्याच्या बळदातून. ज्याला वडिलांनी परवा पहाटेचा नंबर सांगितला होता, त्याच्या दारात आई पोतं घेऊन उभी होती.

तुमच्या अग्निसाधकाकडे किल्ली आहे. आता धरण कुणाचं, पाळीपत्रक कोण लिहितं आणि बळद कुणाच्या घरात आहे, हे ठरवायचंय.

आधी धरण. जादू येते कुठून, यावर राज्य कसं असेल ते जवळजवळ सगळं ठरतं. आपल्याकडे पाणी तीन वाटांनी येतं, पावसानं, विहिरीनं आणि कालव्यानं. मी जादूही अशीच तपासतो.

पावसासारखी जादू म्हणजे जन्मानं येणारी, कुणाच्याही घरात पडणारी. कुंभाराच्या पोराला आली, देशमुखाच्या पोराला नाही. अशा जगात राज्याचं पहिलं काम शोधाशोध हे असतं. दर वर्षी गावोगाव माणसं फिरणार, पोरांचे तळवे तपासणार, आया पोरं कडब्याच्या गंजीत लपवणार. या जादूची एक गोष्ट लेखक विसरतात. ती पोटच्या पोराला मिळेलच असं नसतं. माणूस गादी घेतो ती पुढच्या पिढीसाठी. ज्याचा मुलगा बहुधा साधाच निघणार, त्यानं गादी मिळवून ठेवायची कुणासाठी? त्यापेक्षा राजाकडून दोनशे बिघे इनाम लिहून घेतलेलं बरं, ते तरी मुलाच्या नावावर चढतं. तुमच्या मैत्रिणीच्या प्रश्नाला हे एकच उत्तरही पुरलं असतं.

विहिरीसारखी जादू कष्टानं आणि खर्चानं मिळते. गुरू पाहिजे, बारा वर्षं पाहिजेत, आणि बारा वर्षं पोटाला घालणारं घर पाहिजे. म्हणजे ती आधीच खात्यापित्या घरांत जाते. जमिनीखालचं पाणी सगळ्यांचं असतं, पण उपसणारा एकटा असतो. एकानं तीनशे फूट बोअर घेतला की शेजारी सहाशेला जातो आणि पहिल्याचा आटतो. तुमच्या जगात जादू अशी असेल तर मधोमध एक साधा राजा बसवू नका, तो टिकणार नाही. तिथे पंचवीस गढ्या असतील, प्रत्येक गढीत एक साधक-देशमुख असेल, आणि त्यांची भांडणं जमिनीखालून चालतील.

कालव्यासारखी जादू एका जागेवरून निघते आणि वाटली जाते. तिथे जादूगार हा नोकर असतो, कितीही जाळ काढो.

आता तुमचं दुसरं प्रकरण उघडा. किल्ल्याच्या पोटात धगधगणारं कुंड आहे आणि साधक दर अमावास्येला तिथे जाऊन हात शेकून येतात, असं तुम्हीच लिहिलंय. न शेकलेल्या साधकाचे हात महिन्याभरात गार पडतात, हेही लिहिलंय. म्हणजे तुमचा कालवा तयार आहे, धरण राजाच्या पायाखाली आहे. ते तुम्ही देखावा म्हणून वापरलंत आणि कारण म्हणून शपथ आणलीत. कुंडाच्या दाराशी "दोन पहारेकरी उभे होते" एवढंच वाक्य आहे. त्या दोघांकडे मी शेवटी येतो, कारण माझ्या मते तुमची सगळी कादंबरी त्यांच्यापाशी अडलेली आहे.

दुसरी गोष्ट, जादू किती वेळा चुकते? आमच्याकडे बोअर घ्यायच्या आधी पाणाड्याला बोलावतात. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो अनवाणी रान फिरतो. नारळ उभा राहिला की तिथे दगड ठेवून खूण करायची. नारळाला खडकाखालचं काही कळत नाही. आपल्या काळ्या बेसाल्टमध्ये पाणी भेगांत आणि वरच्या झिजलेल्या मुरमात साठतं, आणि मुरलेला डोळा उतार आणि झाडोरा बघून त्यातलं थोडंफार ओळखू शकतो. पण कथाकारानं बघायचं ते पाणाड्याचं गावातलं स्थान. पाणी लागलं तर नाव त्याचं. नुसती धूळ उडाली तर "तुमच्या नशिबात नव्हतं", "मशीन दोन हात सरकून लावली". बिदागी आधीच घेतलेली असते. अशा माणसाला सरपंचकी दिली तरी तो घेणार नाही, कारण खुर्चीवर बसलेल्याच्या डोक्यावर खापर फुटतं. चार वेळा चुकणारी विद्या असलेल्या जादूगाराला साधा राजा हवाच असतो. पाऊस पडला तर मंत्राचा प्रताप, नाही पडला तर राजाचं पाप.

जादू कधीच चुकत नसेल तर प्रकरण उलटं आणि जास्त भयंकर होतं. समजा तुमच्या जगात मेघकरी आहेत, ढग बोलावतात आणि पाऊस हमखास पाडतात. 2015 च्या दुष्काळात आपल्याकडे तेव्हाच्या औरंगाबादला रडार बसवून विमानानं ढगांत फवारणी झाली होती. आमच्या पारावर तेव्हा शास्त्राबद्दल कुणी विचारत नव्हतं. विमान कुठल्या तालुक्यावर गेलं, एवढंच विचारत होते. पुढच्याच उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, आणि शहरात पाणी भरायच्या जागांभोवती जमावबंदी लावावी लागली. वरच्या धरणांतून जायकवाडीत किती पाणी सोडायचं यावर नाशिक-नगर आणि मराठवाडा यांचं भांडण कोर्टापर्यंत गेलेलं आपण बघतोच. पाऊस पाडता येतो म्हटल्यावर प्रत्येक कोरडं शेत हा कुणाचा तरी निर्णय ठरतो. मेघकऱ्याच्या दारात रोज हजार माणसं उभी राहतील आणि त्यातल्या नऊशेंना तो नाही म्हणेल. त्याला भिंत लागेल, पहारा लागेल, आणि "तुमचा नंबर परवा" असं सांगणारा दुसराच कुणी माणूस लागेल. तो दुसरा माणूस हळूहळू राजा होतो. मेघकरी गादीपासून लांब राहतो ते बहुतेक वेळा असं, कुणी न लढता.

"तीनशे साधक" हा शब्दच मला खटकतो. तुम्ही त्यांना एक गठ्ठा धरलंय. एकाच विद्येची माणसं एकत्र येतातच असं कुठे आहे? तालुक्यातले सगळे डॉक्टर एका बाजूला कधी दिसलेत का? जादूगारालाही भावकी असते. त्याच्या चुलत्यानं बांध कोरलेला असतो, बहिणीला सासरी नीट नांदवत नाहीत, गुरुबंधूनं आपल्या आधी मान मिळवलेला असतो. तळहातात जाळ असलेला माणूस पहिल्यांदा राजवाडा जाळत नाही, चुलतभावाची गंजी जाळतो. तुमच्या तिसऱ्या प्रकरणात साधकांची सभा भरते आणि सगळे एका सुरात बोलतात. त्या सभेत दोन घराणी घाला, ज्यांच्यात तीन पिढ्यांचा पाण्याचा नाहीतर सोयरिकीचा तंटा आहे. राजाला मग काहीही करावं लागत नाही. यंदा मानाचा विडा एका घराण्याला, पुढच्या वर्षी दुसऱ्याला. तुळजापूरला नवरात्रात पाहा, पालखी कुणाची, पलंग कुणाचा, कोणत्या घरानं काय आणायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे, आणि तो मान माणसं जिवापलीकडे जपतात. असा मान तुमच्या राजानं वाटला तर अर्धे साधक गादीपेक्षा त्या मानासाठी भांडतील.

लढाईचा हिशेबही एकदा कागदावर मांडा. जाळ किती पावलं जातो? धनुष्याचा बाण त्याहून लांब जातो का? एकदा जाळ काढला की साधक किती वेळ लोळागोळा होऊन पडतो? तुम्ही लिहिलंय, दिवसभर झोपतो. मग तीनशेंपैकी एका वेळी कामाचे किती? आणि झोपलेल्यांची राखण कोण करतं? किल्ला तुम्ही देवगिरीवरून घेतलाय हे कळतं. खंदक, तासलेला कडा, अंधारी वाट सगळं आहे. त्याच देवगिरीची गोष्ट आठवा. 1296 साली अलाउद्दीन खिलजी अचानक येऊन धडकला तेव्हा यादवांची मुख्य फौज युवराजाबरोबर बाहेर होती. रामदेवराव वर किल्ल्यात गेला. धान्याची म्हणून घाईनं वर चढवलेली पोती उघडली तर त्यात मीठ निघालं, असं सांगतात. कडा कुणी चढलं नाही, खंदक कुणी ओलांडला नाही, आणि तरी रामदेवरावाला शरण जावं लागलं. त्या वेढ्यात तुमचे तीनशे साधक आत असते तर? मिठाची पोती तरी मिठाचीच राहिली असती. उलट खाणारी तोंडं तीनशेनं वाढली असती.

आता राजे लोक आपल्याहून बलवान माणसाला कसं वागवतात ते. यासाठी लांब जायला नको, मराठवाड्यातच सगळे नमुने पडलेत, आणि ते तुम्ही वापरावेत असं मला मनापासून वाटतं.

एक नमुना मलिक अंबर. हबशी देशातून गुलाम म्हणून विकला गेलेला पोर दख्खनेत येतो. 1600 साली मोगलांनी अहमदनगर घेतल्यावर तो परंड्याला निजामशाहीतला एक मुलगा गादीवर बसवतो, त्याला आपली मुलगी देतो, आणि राज्य स्वतः चालवतो. फौज त्याची, वसूल त्याचा, खडकी शहर, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, त्यानं वसवलेलं, त्या शहराला डोंगरातून जमिनीखालून पाणी आणणारी नहर त्याची. तो 1626 साली मेला तोपर्यंत मोगलांना दख्खन पचली नाही. मधे तो सुलतान उलटला, तेव्हा त्याचा काटा निघाला आणि दुसरं लहान पोर गादीवर आलं. पण इतकं असून अंबर स्वतः कधी सुलतान झाला नाही. का? त्याच्या हाताखालचे सरदार निजामशाही रक्ताच्या नावाखाली एकत्र येत होते, त्याच्या नावाखाली आले नसते. तुमचा सर्वांत बलवान साधक असा लिहा. तो गादीवर बसत नाही कारण मुलाला बसवून त्याला सगळं मिळतं, आणि स्वतः बसला तर दुसऱ्या दिवशी बाकीचे दोनशे नव्याण्णव विचारतील, "हा बसला, मग मी का नाही?" साधा राजा म्हणजे त्या सगळ्यांना सोसवणारा एकमेव माणूस, कारण त्याच्यापुढे झुकताना कुणाला आपण कमी पडलो असं वाटत नाही.

दुसरा नमुना नाथांच्या कथांतला, जालिंदरनाथ आणि गोपीचंद. आमच्याकडे बीड जिल्ह्यात नाथांची ठाणी आहेत, त्यामुळे ही कथा लहानपणी आजीकडून कितीदा तरी ऐकलीय. राजमाता मैनावती जालिंदरनाथांची शिष्या होते. राजाचे कान भरले जातात, आणि तो गुरूला खड्ड्यात टाकून वर घोड्याची लीद लोटून देतो. एवढा सिद्धपुरुष, आणि तो प्रतिकार करत नाही, आत समाधी लावून बसतो. वर्षांनी शिष्य कानिफनाथ येतो. गुरूला बाहेर काढलं तर त्याच्या कोपात राजा जळेल, हे त्याला माहीत असतं. म्हणून तो गोपीचंदाचे धातूंचे पाच पुतळे करवतो. खड्ड्यातून आवाज येतो, कोण आहे? पुढे पुतळा धरून उत्तर देतात, गोपीचंद राजा. "जळून भस्म हो." पुतळा जळतो. पाच वेळा. मग राग निवतो आणि खरा राजा पुढे येतो. या कथेत मला जे दिसतं ते सांगतो. राजाला सिद्धाची भीती वाटते, आणि भीती वाटते म्हणूनच तो घाईनं काहीतरी वेडंवाकडं करतो. मधे एक शिष्य लागतो, जो गुरूला ओळखतो आणि राजालाही. तुमच्या राज्यात असा मधला माणूस नाही. राजा आणि साधक थेट एकमेकांसमोर उभे आहेत, आणि दोघांमध्ये पुतळा धरायला कुणी नाही.

ज्याला काहीच नको त्याच्यापुढे राजाची काय अवस्था होते, हे खुलदाबादेत कळतं. सूफी शेख जैनुद्दीन शिराजींनी बहमनी सुलतान पहिल्या मुहम्मदशहाच्या निष्ठेची ग्वाही द्यायला नकार दिला, हा सुलतान दारू पितो म्हणून. सुलतानानं त्यांना निघून जायला सांगितलं, तर ते आपले गुरू बुरहानुद्दीन गरीब यांच्या कबरीपाशी जाऊन बसले, काठी रोवली आणि म्हणाले, इथून मला कोण उठवतो बघू, असं तवारिखेत आहे. शेवटी नमला तो सुलतान. तुमच्या सगळ्या साधकांना काही ना काही हवंय, म्हणून ते राजाच्या हातात आहेत. एक म्हातारी साधिका अशी ठेवा जिला काहीही नको, जी कुंडावर हात शेकायला येणंच बंद करते. राजाला बंडापेक्षा तिची भीती वाटेल.

पैठणची शालिवाहनाची दंतकथा तर सरळ तुमच्या विषयाची आहे. कुंभाराच्या घरी वाढलेलं पोर मातीचे हत्ती, घोडे, शिपाई करतं, त्यांच्यात जीव घालतं आणि विक्रमाच्या सैन्याला हरवतं. इथे जादूच राजा घडवते. पण लढाई संपल्यावर ते मातीचे शिपाई कुठे गेले? पहिल्या पावसात विरघळले का? त्यांच्या नावानं वतनं दिली का? कथा इथे गप्प आहे, आणि कादंबरीनं नेमकी इथूनच सुरुवात करावी. आज पंचांगात आपण शके लिहितो, इसवी सनातून 78 वजा करून. शिपाई उरले नाहीत, वर्षं मोजायची रीत उरली.

एक गोष्ट जरा वेगळी आहे, पण ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. आपल्या जगात जादू नाही, पण जादूचा आळ आहे. लातूर-नांदेडकडच्या गावांत भानामतीच्या, करणीच्या नावानं काय काय झालंय ते तुम्हाला हिंगोलीत राहून माहीत असेलच. आळ येतो तो एकट्या बाईवर, म्हाताऱ्यावर, ज्यांची दोन एकर जमीन कुणाला तरी हवी असते त्यांच्यावर. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षं खस्ता खाल्ल्या, तो जादूटोणाविरोधी कायदा 2013 साली, त्यांच्या हत्येनंतर झाला. खरी ताकद असलेल्यावर कुणी आळ घेत नाही, घ्यायची छाती नसते. तुमच्या जगात जादू खरी आहे, म्हणून हा अन्याय तिथे नाहीसा होईल असं समजू नका. राजाला तीनशे साधकांना शिक्षा करता येत नाही, मग तो शिक्षा कुणाला करेल? किल्ल्याखालच्या वस्तीत कुणाची तरी झोपडी जळेल, आणि "ही चोरून कुंडावर जाते" म्हणून जिचे हात कायम गार असतात अशी एखादी बाई पकडली जाईल. अद्भुत कथेत ही बाई आणणं आपल्या मातीतल्या लेखकाचं कर्तव्य आहे असं मी मानतो. तिच्याशिवाय तुमचं राज्य फार स्वच्छ दिसतं.

आता पाळीपत्रक. यादवांच्या दरबारात महादेवराय आणि रामदेवरायांच्या काळात हेमाद्री, म्हणजेच हेमाडपंत, हा श्रीकरणाधिप होता, म्हणजे राज्याच्या दप्तराचा प्रमुख. रानातल्या दगडी देवळांना आपण आजही हेमाडपंती म्हणतो, राजांची नावं शाळेत पाठ करावी लागतात. तुमच्या दरबारात सेनापती आहे, राजगुरू आहे, विदूषकसुद्धा आहे, दप्तरदार नाही. कोणत्या साधकाला कोणत्या अमावास्येला कुंडावर सोडायचं हे कुणीतरी लिहीत असणार. हैदराबादच्या निजामाच्या राज्यात जमीन दिवाणी, जहागीर, पायगा आणि खुद्द निजामाची सर्फ-ए-खास अशी वेगवेगळ्या खात्यांत होती, आणि कोणत्या खात्यात आपलं गाव पडलंय यावर माणसाचं नशीब ठरायचं. तुमच्या साधकांचीही अशी खाती करा. काही राजाच्या खाजगीतले, काही सरदारांना नेमून दिलेले, काही देवस्थानाचे. खातं बदलायला दप्तरात एक ओळ पुरते.

आणि ते दोन पहारेकरी. त्यांना जाळ काढता येत नाही. त्यांच्या हातात भाला आहे आणि दाराची किल्ली आहे. त्यांचा शिधा दप्तरातून येतो. चौथं प्रकरण लिहायच्या आधी हा एक प्रसंग लिहून बघा. अमावास्येची रात्र, तीन महिने शिधा थकलेला, पहारेकऱ्याच्या घरी बळदाचा तळ लागलेला. दाराशी एक मोठा साधक उभा आहे, त्याचे हात गार पडत चाललेत, आणि आजच्या यादीत त्याचं नाव नाही. तो पहारेकऱ्याला जाळू शकतो, पण आतून कडी दुसऱ्यानं लावलीय आणि हातात उरलेला जाळ एकदाच पुरेल. तो उकिडवा बसतो. पहारेकरी दिवट्याजवळ यादी धरतो, पुन्हा एकदा बघतो. साधक कमरेची ज्वारीची पिशवी सोडून खाली ठेवतो.

पहारेकरी काय करतो ते मला सांगू नका, लिहून पाठवा. त्या प्रसंगानंतर शपथेची गरज पडते का, ते मैत्रिणीलाच विचारा.